आठ लेखण्या आणि एक पिवळी गोळी

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी नवीन माणूस भेटला की माझी नजर आधी त्याच्या डोक्यावर जाते. केस दाट की विरळ, तेल किती, पेस्ट धरेल का. मुलासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हाही मी चहाचा कप हातात धरून तिच्या भांगाकडे एकटक बघत बसले होते. तिच्या आईला वाटलं, बाई उवा शोधतेय. लग्न झालं, सून गुणाची निघाली, पण विहीणबाईंच्या मनातून ते अजून गेलेलं नाही.

तर मी ईईजी काढायची. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पुण्यातल्या एका इस्पितळात मी या कामावर होते, आणि हे काम नक्की काय असतं ते माझ्या सख्ख्या भावालाही धड सांगता यायचं नाही. तो लोकांना सांगायचा, "आमची मंदा डोक्याचे फोटो काढते." फोटो नव्हे हो! मेंदूत सतत बारीक वीज खेळत असते, इतकी बारीक की तिच्यावर बिडीसुद्धा पेटायची नाही. डोक्यावर ठरावीक जागी पेस्ट लावून छोट्या चकत्या बसवायच्या, त्यांच्या तारा मशीनला जोडायच्या. मशीन ती वीज मोठी करून आठ लेखण्या हलवतं आणि खालून कागद सरकत जातो. माणूस डोळे मिटून शांत पडला की डोक्याच्या मागच्या भागातून छान संथ, एकसारख्या लाटा येतात. डोळे उघडले की त्या पळून जातात. ज्याला फेफरं येतं त्याच्या कागदावर मधूनच काटे उभे राहतात. स्वच्छ कागद काढायचं काम माझं, तो वाचायचं काम डॉक्टरांचं.

आमच्या डॉक्टरांचं नाव सांगत नाही. ते अजून आहेत आणि छापून आलेलं त्यांना आवडत नाही. महिन्यातल्या एका रविवारी ते मशीन जीपमध्ये घालून मुळशीला, धरणाकाठच्या एका शाळेत शिबिर घ्यायचे. माझं माहेर त्याच तालुक्यातलं, म्हणून मला न्यायचे. तिथलं बोलणं त्यांना निम्मं कळायचं नाही, आणि त्यांचं पेठी बोलणं तिथल्यांना अजिबात कळायचं नाही. मी मधे बसून दोन्हीकडच्यांना समजेल असं काहीतरी सांगायची. माझ्या त्या सांगण्यात थोडी भर माझीही असायची, हे आता कबूल करायला हरकत नाही.

गंमत बघा. धरण आमच्या दारात, त्याच्या पाण्यावर झालेली वीज घाट उतरून मुंबईला, आणि शाळेच्या खोलीत दिवा लागेल की नाही यावर मास्तरांच्या पैजा. जी वीज यायची तीही अशी अंगात आल्यासारखी की आठच्या आठ लेखण्या थयथय नाचायच्या. त्यावर उपाय म्हणजे पक्कं अर्थिंग. खिडकीबाहेर लोखंडी सळई ठोकायची, तिला मशीनची तार बांधायची आणि बुडाशी मिठाचं पाणी ओतत राहायचं. हे काम आमच्या रामभाऊंचं. रामभाऊ आमचे अटेंडंट, मिशा भरघोस आणि तोंड त्याहून भरघोस. व्हरांड्यात बसलेल्या लोकांनी विचारलं, "हे मीठपानी कशापायी वो?" तर सरळ सांगावं ना? पण नाही. रामभाऊ म्हणाले, "मशीन माणसाच्या मनातलं समदं कागदावर लिवतंय. लई वंगाळ निघालं तर हितनं जमिनीत सोडायचं."

झालं! पुढच्या शिबिराच्या आत ही बातमी धरणाच्या दोन्ही काठांवर पोचली. कुणी यायला तयार होईना, आणि जे आले ते असे की जणू पंचांपुढे उभं राहायचंय.

त्या रविवारी पहिला नंबर हिराबाईंचा. हिराबाई माझ्या ओळखीच्या, वयानं आईच्या बरोबरीच्या. आठवडाभर पुण्यात एका बंगल्यात स्वयंपाकाला असायच्या आणि शनिवारच्या एसटीनं वाडीवर यायच्या. त्यांचं डोकं दुखायचं आणि मधूनच डोळ्यांपुढे अंधारी यायची. त्या टेबलावर आडव्या झाल्या, मी केसांत बोट घातलं, तर बोट सरकत कानापर्यंत गेलं.

"हिरामावशी, डोक्याला तेल लावून येऊ नका म्हणून निरोप धाडला होता ना?"

"धुतलं की गं! चांगलं शिकेकाई लावून धुतलं. मंग निगताना वाईच लावलं. बिनतेलाचं डोस्कं घिऊन उंबऱ्याभाईर पडाय, घरात कुनी गेलंय व्हय?"

सुतक सोडून एरवी तेलाशिवाय डोकं ही गोष्ट आमच्याकडे नाहीच, आणि तेलावर पेस्ट बसत नाही. मी स्पिरिटचा बोळा घेऊन एकेक जागा घासून काढली. हिराबाई एरवी केसाला हात लावला तरी ओरडणाऱ्या. त्या दिवशी नुसत्या हसत होत्या. कागद सुरू केला तर मागच्या त्या संथ लाटा कुठेतरी अंग चोरून बसलेल्या, आणि कपाळाकडच्या लेखण्या बारीक बारीक, घाईघाईनं लिहितायत. शिवणयंत्राची टीप असते ना, तशी.

मला वाटलं, वीज आली अंगात. रामभाऊंना ओरडले, "मीठपाणी ओता!" त्यांनी ओतलं. काही फरक नाही.

दुसरा एक नवरदेव. येत्या पंधरवड्यात लग्न, लहानपणी एकदा आकडी आली होती म्हणून मुलीकडच्यांनी तपासून यायला सांगितलेलं. त्याच्याही कागदावर कपाळाकडे तीच टीप. आता मात्र माझा घाम निघाला. एवढ्या महागाचं मशीन, जीपमध्ये हादरून बिघडलं की काय? मी तारा बदलल्या, लेखण्यांची शाई तपासली, आणि शेवटी रामभाऊंनाच टेबलावर झोपवलं. निरोगी डोकं लावून बघितलं की मशीन बिघडलंय की नाही ते लगेच कळतं.

रामभाऊ आडवे झाले, डोळे मिटले, आणि हळूच म्हणाले, "बाई, कागद तुम्ही वाचू नका हां. डॉक्टरांनाच द्या."

स्वतः उठवलेली वावडी स्वतःलाच खरी वाटायला लागली होती गृहस्थाला! पण कागद बघाल तर सुरेख. संथ, गोल, एकसारख्या लाटा, शिकवायला वापरावा असा. म्हणजे मशीन ठणठणीत होतं.

डॉक्टरांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी पसरले आणि चष्मा कपाळावर चढवला. "मंदाताई, मशीनला दोष देऊ नका. ही माणसं औषध घेऊन आलीत."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी पुढं जन्मभर नवीन मुलींना शिकवलं. घबराट घालवणाऱ्या ज्या गोळ्या असतात, डायझेपाम आणि तिची भावंडं, त्या मेंदूतल्या पेशींचे ब्रेक घट्ट करतात. माणूस सैलावतो, भीती ओसरते, झापड येते. आपल्याला वाटेल, मग लाटाही संथ होत असतील. तर उलटं. माणूस मंदावतो आणि कागदावरची लाट बारीक होऊन पळायला लागते, विशेष करून कपाळाच्या बाजूला. आणि गोळी एकदा घेतली की तिची खूण कागदावर काही दिवस सापडू शकते.

"पण दोघांनाही एकदम घबराट कशी झाली?" डॉक्टर म्हणाले. "आणि इथं ही गोळी दिली कुणी?"

विचारायला मी व्हरांड्यात गेले. "कुणी काही गोळीबिळी खाल्लीय का सकाळी?"

"न्हाई बा," सगळे एका सुरात. हिराबाई तर छताकडे बघत होत्या.

तेवढ्यात किसनचा नंबर आला, आणि इथून पुढे मात्र माझं हसू जरा आवरतं घ्यावं लागेल.

किसन नावाडी. धरणाच्या पलीकडच्या वाड्यांना अलीकडे यायचं तर त्याची होडी, नाहीतर डोंगराला वळसा. पाणी त्याच्या बापानं दाखवलेलं, वल्हं हातात घेऊनच मोठा झालेला. काही दिवसांपूर्वी शाळेची पोरं घेऊन येताना भर पाण्यात त्याचा हात थांबला. वल्हं सुटलं. तो ओठ चाटत, सदऱ्याच्या गुंड्या चाचपत बसला आणि मग एकदम उभाच राहिला. होडी कलंडायचीच, पण एका बाजारकऱ्यानं त्याला कमरेला धरून खाली बसवलं. नंतर बराच वेळ तो तोंडातल्या तोंडात काहीबाही बोलत होता, पाय लटपटत होते. गावानं काय ते ठरवून टाकलं: दारू. पंचांनी वल्हं काढून घेतलं. म्हणाले, डॉक्टरचा कागद आण, तवर होडीला हात लावू नको.

किसन शपथेवर सांगत होता, थेंब घेतला नाही. त्याच्यावर सगळ्यात कमी विश्वास होता तो त्याच्या बायकोचा, तानीचा. ती पलीकडच्या काठाची, होडीवरच वाढलेली, आणि तिचा बाप दारूनं गेलेला. ती नवऱ्याशी बोलायची बंद झाली होती, जेवणाचं ताट भुईवर आपटून निघून जायची. गावात हे सगळ्यांना माहीत होतं.

त्याला टेबलावर घेतलं. कागदावर तीच टीप, कपाळाकडे, घाईघाईची. काटा मात्र एकही नाही. जोरजोरात श्वास घ्यायला लावले, डोळ्यांपुढे दिवा लखलखवला, तरी नाही.

किसन उठून बसला. "साफ हाय न्हवं, सायेब? मंग द्या की लिवून. उद्यापास्नं होडी काडतो."

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हीच गोळी घेतली असेल तर हा कागद बिनकामाचा आहे. फिट थांबत नसली की आपण हेच औषध शिरेतून देतो. कागदावरचे काटेसुद्धा ते झोपवू शकतं. मी साफ लिहून दिलं आणि उद्या हा पोरं घेऊन पाण्यात गेला तर?"

मला समोर ती होडी दिसायला लागली. मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले, कमरेवर हात ठेवले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "हे बघा, मशीननं सगळं लिहिलंय. कुणी काय खाल्लं, कुणी दिलं, सगळं. आता तुम्ही सांगता का मी वाचून दाखवू?"

अहो, काय सांगू! नुसता बांध फुटला. एक म्हातारबाबा पुढे आले, "बाई, बांध म्या सरकवला, पर वीतभरच." एक बाई पदराला नाक पुसत म्हणाली, शेजारणीची तलंग कोंबडी मुंगसानं नेली नव्हती, तिनंच कापली होती. नवरदेवानं सांगितलं की त्याला दुसरीच मुलगी आवडते. मी म्हणत होते, "अहो, हे नाही हो, गोळीचं सांगा!" पण कोण ऐकतंय? मास्तर स्वतः उठून काही सांगायला लागले, त्यांना मीच खाली बसवलं.

शेवटी हिराबाईंनी कमरेची चंची सोडली. पानसुपारीच्या मधे चांदीसारख्या कागदातल्या पिवळ्या गोळ्या.

"बंगल्यातल्या मालकीनबाई घबराटीला घेत्यात. मला छातीत धडधडलं तवा एक दिली हुती, मंग मीच मागून आनाय लागले. लई गुनाची गोळी बग, मंदे. वाडीत कुनाला तलाठ्याकडं जायाचं आसलं, पोरगी दाखवायची आसली, कोर्टाची तारीक आसली, तर मी अर्धी देती. मन कसं गार हुतंय. आन् मन गार आसलं तर मशीन लिवंल काय? कोरा कागद निगंल, आसं वाटलं."

आणि त्या मशीनला माणसाच्या मनातलं एक अक्षर कळत नव्हतं! त्याला कळण्यासारखी एकच गोष्ट होती, ती गोळी. लपवायला म्हणून तीच खाऊन आली होती सगळी मंडळी.

डॉक्टर हिराबाईंवर असे चिडले की त्यांचा चष्मा कपाळावरून खाली आला. दुसऱ्याचं औषध वाटणं म्हणजे काय, सवय कशी लागते, कोयता हातात असताना झापड आली तर काय, सगळं सांगितलं. आणि रोज घेत असाल तर एकदम तोडू नका, हळूहळू कमी करायला माझ्याकडे या, हेही बजावलं. हिराबाई मान डोलवत होत्या. गोळीचा अंमल असावा.

मग डॉक्टर किसनसमोर स्टुलावर बसले. "किसन, तू घेतलीस ना?"

"व्हय."

"मग या कागदावर मला काही लिहिता येणार नाही."

किसननं हात जोडले. "सायेब, माजी होडी गेली तर म्या काय करू? मला दुसरं काय येत न्हाई. कागदावर काय न्हाई म्हनता न्हवं तुमी? न्हाई तर न्हाई लिवा."

"तू गोळी का घेतलीस? तुझ्या मनात कुणाची कोंबडी होती?"

त्यावर किसन हसला नाही. मग हळू बोलला, आणि ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

"मला म्हाईत हाय, सायेब. ही पैली बारी न्हवं. मागंबी झालंय. मला आठवत काय न्हाई, नुसतं बगतो तर होडी भलतीकडंच गेलेली आसती. म्हनून वल्ह्याला दोरी लावून मनगटाला बांदायला लागलो. पर त्या दिशी बांदली न्हवती. कुनाला सांगू? सांगितलं तर म्हनत्यात, प्यालास. घरचीबी तेच म्हनती. वाटलं, मशीन हे समदं लिवंल आन् होडी जाईल."

त्याचं मनगट मी बघितलं. दोरीचे वळ होते. मी लेखण्यांची शाई पुसायला वळले, उगाचच, शाई काही सांडली नव्हती.

डॉक्टरांनी त्याला पुढच्या शिबिराला बोलावलं. गोळी बंद, डोकं धुतलेलं, तेलाचा थेंब नाही, आणि आदल्या रात्री जागरण करून यायचं, म्हणजे टेबलावर झोप लागेल. काटे पुष्कळदा झोपेच्या उंबऱ्यावरच सापडतात. तोपर्यंत पाण्याजवळ जायचं नाही. किसननं मान हलवली आणि गेला.

खरं सांगते, मला वाटलं होतं तो येणार नाही. पण पुढच्या वेळी जीप थांबली तर शाळेच्या पायरीवर हाच बसलेला, डोळे लाल, डोकं धुऊन कोरडं फटक. हिराबाई शेजारी राखणीला. म्हणाल्या, "गोळी न्हाई, तेल न्हाई. भजनात बसवला हुता रातभर." आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून तानी.

मी तिच्याजवळ गेले. "आत येतेस का?"

"न्हाई," ती म्हणाली. "म्या हितंच बरी. किती पितोय ते मशीननं लिवलं की मला सांगा. मंग म्या माह्येरी जानार."

म्हणजे आता नुसती होडी नव्हती.

किसन आडवा झाला आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. मागच्या बाजूच्या संथ लाटा आल्या, विरघळल्या. कपाळाकडची ती टीप कुठेच नव्हती, कागद स्वतःच्या मूळ अक्षरात लिहीत होता. मी वाट बघत होते, आणि काय यावं म्हणून वाट बघतेय तेच मला कळत नव्हतं. काटे नाही आले तर होडी परत मिळेल. पण मग बायको गेली, कारण उरली ती दारूच. काटे आले तर होडी गेली.

आणि डाव्या कानाच्या वरच्या लेखणीनं उडी मारली. टोकदार, उंच, स्वच्छ काटा. थोड्या वेळानं पुन्हा. मग पुन्हा. डॉक्टर माझ्या मागे उभे होते. त्यांनी नुसतं "हं" केलं.

त्यांनी किसनला उठवलं, तानीला आत बोलावलं आणि कागद दोघांच्या पुढ्यात धरला. हे फेफऱ्यासारखंच आहे, म्हणाले, फक्त अंग न झटकता येतं. हात थांबतो, ओठ हलतात, भान जातं, आणि नंतर थोडा वेळ माणूस प्यायल्यासारखाच वागतो. याच्यावर रोजच्या गोळ्या आहेत, पिवळ्या नव्हे, वेगळ्या. पण आता वल्हं हातात धरायचं नाही. झटके पूर्ण थांबून बराच काळ गेला तर पुढचं पुढं बघू.

किसनचा चेहरा उतरला. तानी कागदाकडे बघत होती. तिनं त्या काट्यावरून बोट फिरवलं, शाई ओली होती, बोटाला लागली.

"म्हंजी त्या दिशी प्यालेला न्हवता?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "हे त्याच्या डोक्यात होतं. दारूत नाही."

"आन् मागं सनाला ताटावर बसल्या बसल्या झालं हुतं, तवा?"

"तेही बहुतेक हेच."

बाहेर मीठपाणी ओतणारे रामभाऊ खिडकीतून डोकावले. तानी एकदम माझ्यावरच उखडली, "तर मंग म्या त्याला येवड्या शिव्या घातल्या त्या कुटं ठिवू आता?"

मला हसावं की रडावं कळेना. किसन मात्र हसला. डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि हसतोय. "ठिव की घरात," तो म्हणाला. "लागतील." पण लगेच त्याचं हसू विझलं. "पर होडी गेली गं तानी. म्या आता काय करू?"

त्याच्या केसांत चिकटलेली पांढरी पेस्ट तानी पदरानं पुसायला लागली, खसाखसा, भांडं घासावं तशी. त्याचं डोकं इकडून तिकडे हलत होतं.

"होडीला काय झालंय?" ती म्हणाली. "म्या कुटल्या काठाची हाय, इसरलास? वल्हं म्या मारते. तू फुडं बसून मानसं घ्यायची. आन् पडायचंच आसंल तर आत पड. पान्यात पडलास तर म्या न्हाई काडायची."